पाऊण एकराचे गणित पोराला येते का?

परवा करवीर तालुक्यातल्या एका रानात सुरू उसाला खत टाकायचे चालले होते. रान पाऊण एकर, खत मात्र पुऱ्या एकराचे. सातवीतल्या पोराला विचारले, "एकराचे ४० गुंठे, मग पाऊण एकराचे किती?" पोरगा गप्प. बांधावरचा आज्जा लगेच म्हणाला, "तीस की!" आज्ज्याची पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ. पोराला वहीत तीन चतुर्थांश लिहिता येते, रानात ते दिसत नाही.

शिकवायला सोपे आहे. ४० गुंठ्यांचे चार सारखे वाटे करा, एक वाटा १०. त्यातले तीन घ्या, झाले ३०. खालच्या अंकाने भागायचे, वरच्याने गुणायचे. सुरू उसाला एकरी १०० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे पाऊण एकराला ७५. जादा २५ किलो नत्र म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीहून जास्त युरिया वाया. वर ऊस लोळतो, उतारा घटतो.

नुसते पाठांतर परत आणा, असे माझे म्हणणे नाही. गुरुजींनी पोरं बांधावर न्यावीत, ३३ फूट बाय ३३ फुटांचा गुंठा दोरीने आखून दाखवावा. आणि शेतकरी बंधूंनो, पुढच्या हप्त्याचे खत पोराकडूनच हिशेब करून घ्या.