चेसिस रंगवू नका, वही दाखवा

नारायणगावचा टोमॅटो नाहीतर लासलगावचा कांदा वाहून सात-आठ वर्षं झालेली पिकअप विकायला काढली, की आपल्यापैकी बहुतेक जण आधी पेंटरकडे जातात. हौदा रंगवतात, चेसिसला काळा रंग मारून घेतात. माझी कळकळीची विनंती आहे, चेसिस रंगवू नका. जाणता गिऱ्हाईक खाली वाकतो, तो मागच्या पाट्यांजवळ वेल्डिंग आहे का हे बघायला. ताजा रंग दिसला की इथं काहीतरी झाकलंय, असंच तो धरून चालतो. मग ज्याने कधी जादा माल भरला नाही, वेळेवर ग्रीसिंग केलं, त्याची गाडीसुद्धा पिळून काढलेल्या गाडीच्या भावात जाते.

इंजिनचंही तेच. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी गरम करून ठेवू नका. थंड इंजिन पहिल्या सेल्फला लागतं का, धूर कसा येतो, ऑइलचं झाकण काढल्यावर वाफ किती मारते, हे त्याचं त्याला पाहू द्या. मग वही पुढं ठेवा. ऑइल कितव्या किलोमीटरला बदललं, क्लच प्लेट कधी टाकली, पाट्याचं पान कधी मोडलं होतं. मेस्त्रीची तेलकट बिलंही चालतील. दलाल मॉडेलचं साल आणि टायर बघून भाव बोलतो, वहीचे पैसे तो देत नाही. ते देतो स्वतः गाडी चालवणारा मालक. घाई नसेल तर त्याची वाट बघा.

कागदांच्या बाबतीत मात्र आपण फार बेफिकीर आहोत. २९ आणि ३० नंबरच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी सोडून देणं थांबलंच पाहिजे. राज्यातल्या राज्यात विक्री झाली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरसीवर नाव असलेल्यालाच मालक धरलं. गाडी हातोहात पुढं विकली गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली.

कर्जाचा बोजा सौद्याआधी उतरवा, ताबा देताना फास्टॅग बंद करा. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचा दाखला मागून घ्या. तो बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. पुढच्या पिकअपच्या विम्याला लागेल.