घटसर्पाची धास्ती आणि शाळेच्या दारात अडलेले लसीकरण

शाळेतील एखाद्या मुलाला घटसर्प झाल्याची वार्ता पसरली की पालकांच्या मनात काही प्रश्न हमखास उभे राहतात. शाळा बंद ठेवणार का? आपले मूल त्याच वर्गात, त्याच बाकावर बसत होते का? कालपासून त्याचा घसा दुखतो आहे, तो साधाच असेल ना? ऑक्टोबर २०२४ मध्ये राजस्थानातील डीग जिल्ह्यात या आजाराने किमान सात बालकांचा बळी घेतला. त्यापूर्वी सप्टेंबर २०१८ मध्ये दिल्लीतील महर्षी वाल्मीकी संसर्गजन्य रोग रुग्णालयात काही आठवड्यांत वीसहून अधिक मुले दगावली. त्यातील बहुतेक पश्चिम उत्तर प्रदेशातून उपचारासाठी आणली गेली होती. २०१६ मध्ये आरोग्यसेवेसाठी नावाजलेल्या केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात किशोरवयीन मुलांचे मृत्यू झाले. या तिन्ही ठिकाणची सामाजिक परिस्थिती भिन्न आहे, मात्र चौकशीअंती पुढे आलेले कारण एकच होते. बाधितांपैकी बहुतेकांचे लसीकरण झालेले नव्हते किंवा ते अर्धवट राहिले होते.

पालकांची ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. तथापि ती बहुधा उशिरा जागी होते आणि चटकन शाळाबंदीच्या मागणीकडे वळते. खरा प्रश्न त्याआधीचा आहे. ज्या आजारावरील लस भारतात अनेक दशके मोफत दिली जाते, तो आजार शाळकरी मुलांना अद्याप का गाठतो?

आजार जुना, ओळख पुसट

घटसर्प हा ‘कॉरिनेबॅक्टेरियम डिप्थेरिई’ या जिवाणूमुळे होणारा आजार आहे. खोकताना वा शिंकताना उडणाऱ्या थेंबांतून आणि काही वेळा त्वचेवरील जखमांतून तो पसरतो. संसर्गानंतर साधारण दोन ते पाच दिवसांत घसा दुखणे, सौम्य ताप, गिळताना त्रास अशी लक्षणे दिसू लागतात. पुढे घशात करड्या रंगाचा चिवट पापुद्रा धरतो, मानेच्या गाठी सुजतात आणि श्वास अडू लागतो. मात्र केवळ श्वास कोंडल्यानेच मृत्यू ओढवतो असे नाही. जिवाणूने सोडलेले विष रक्तावाटे हृदयापर्यंत आणि मज्जातंतूंपर्यंत पोहोचते. घसा बरा होत आल्यासारखा वाटत असतानाही हृदयाच्या स्नायूंना आलेली सूज मुलाचा घात करू शकते. उपचार मिळूनही सर्वसाधारणपणे शंभरातील पाच ते दहा रुग्ण दगावतात. लस न घेतलेल्या आणि उपचार न मिळालेल्या मुलांत हे प्रमाण कितीतरी अधिक असते.

नावाचाही एक घोळ आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ‘घटसर्प’ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर जनावरांचा आजार येतो. हिंदी पट्ट्यात ‘गलघोंटू’ या शब्दाचीही तीच गत आहे. जनावरांचा तो आजार निराळ्या जिवाणूमुळे होतो आणि त्याचा मुलांच्या या संसर्गाशी संबंध नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी घटसर्प, गलघोंटू आणि डिप्थेरिया ही मुलांमधील एकाच आजाराची तीन नावे आहेत, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

लसीकरणामुळे आजार विरळ झाला, याचा एक दुष्परिणामही झाला. आज दवाखाने चालवणाऱ्या तरुण डॉक्टरांपैकी अनेकांनी घटसर्पाचा एकही रुग्ण प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस ‘साधा घसा’ समजून वाया जाण्याचा धोका असतो, आणि या आजारात तेच दिवस निर्णायक असतात.

पहिल्या वाढदिवसानंतरची पोकळी

जागतिक आरोग्य संघटनेकडील नोंदींनुसार २०१८ मध्ये भारतात घटसर्पाचे ८ हजार ७०० हून अधिक रुग्ण आढळले. त्या वर्षी जगभरात नोंदलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण एकट्या भारतातील होते. पुढील वर्षांत ही संख्या घटली, तरी आजार हटलेला नाही. लक्षणीय बाब म्हणजे एकेकाळी प्रामुख्याने पाच वर्षांखालील बालकांना होणारा हा आजार आता शाळकरी आणि किशोरवयीन मुलांत अधिक प्रमाणात आढळू लागला आहे.

त्याचे कारण लसीच्या वेळापत्रकात सापडते. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पंचगुणी अर्थात पेंटाव्हॅलेंट लसीच्या तीन मात्रा दिल्या जातात. त्यानंतर १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान पहिला आणि पाच ते सहा वर्षांच्या वयात दुसरा वर्धक डोस असतो. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी ‘टीडी’ लस द्यायची असते. पूर्वी या वयात केवळ धनुर्वाताची लस दिली जाई. घटसर्पाचे सरकते वय ओळखून तिच्या जागी धनुर्वात आणि घटसर्प या दोहोंपासून संरक्षण देणारी टीडी लस आणली गेली. बालपणी मिळालेले संरक्षण कालांतराने ओसरते आणि वर्धक मात्रा ते पुन्हा उभे करते, हा त्यामागील साधा विचार आहे.

परंतु धोरणाचे आणि पालकांचे लक्ष मुलाच्या पहिल्या वर्षापाशीच थांबते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १२ ते २३ महिने वयाच्या सुमारे ७६ टक्के बालकांचे ‘पूर्ण लसीकरण’ झाले होते. आधीच्या सर्वेक्षणातील ६२ टक्क्यांच्या तुलनेत ही प्रगती निश्चितच मोठी आहे. तथापि या ‘पूर्ण’ शब्दात पाच, दहा आणि सोळा वर्षांच्या मात्रांचा समावेशच नाही. दहा वर्षांच्या मुलाला टीडी मिळाली की नाही, हे या सर्वेक्षणात विचारले जात नाही. आईच्या दृष्टीनेही बाळाचे कार्ड भरले की कर्तव्य पूर्ण होते, आणि मूल शाळेत जाऊ लागेपर्यंत ते कार्ड हाताशी राहतेच असे नाही.

यात करोनाकाळाची भर पडली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२० मध्ये भारतातील सुमारे ३० लाख बालकांना घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वात लसीची पहिली मात्राही मिळाली नव्हती. अशा बालकांची संख्या २०२३ मध्ये १६ लाखांवर आणि २०२४ मध्ये ९ लाखांवर आल्याचा अंदाज आहे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, मात्र त्या काळात जन्मलेली मुले एव्हाना शाळेच्या पायरीशी पोहोचली आहेत. त्यांच्यापैकी किती जणांच्या राहिलेल्या मात्रा पुढे भरून निघाल्या, हे पाहण्यासाठी प्रवेशाच्या वेळेइतकी सोयीची वेळ दुसरी नाही.

औषध आहे, पण वेळेवर हवे

घटसर्पाच्या उपचारात केवळ प्रतिजैविके पुरत नाहीत. ती जिवाणू मारतात, मात्र आधीच सुटलेले विष निष्प्रभ करण्यासाठी प्रतिविष लागते. १८९० च्या दशकात विकसित झालेल्या याच रक्तद्रव्य उपचारासाठी एमिल फॉन बेरिंग यांना १९०१ मध्ये वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. हे औषध आजही प्रामुख्याने घोड्यांच्या रक्तद्रव्यापासून तयार होते. रुग्ण कमी झाले, मागणी घटली आणि जगभर उत्पादकही कमी होत गेले. पेशींना एकदा चिकटलेल्या विषावर प्रतिविषाचा उपयोग होत नाही, त्यामुळे निव्वळ संशयावरूनच ते देणे आवश्यक असते. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहत बसणे परवडत नाही.

दिल्लीत २०१८ मध्ये मृत्यू होऊ लागले, तेव्हा राजधानीतील त्या रुग्णालयाकडे प्रतिविषाचा पुरेसा साठा नव्हता आणि तो हिमाचल प्रदेशातील कसौली येथील केंद्रीय संशोधन संस्थेकडून आणावा लागला. राजधानीची ही स्थिती असेल, तर नंदुरबार किंवा गडचिरोलीसारख्या दुर्गम जिल्ह्यातील मुलाला ते किती तासांत मिळेल, हा प्रश्न आधीच विचारलेला बरा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मोठा साठा करणे व्यवहार्य नसले, तरी विभागवार साठा कोठे आहे आणि तो रात्री-अपरात्री कोण पोहोचवणार, हे साथीपूर्वी ठरलेले असणे शक्य आहे.

शाळा बंद करून काय साधते?

रुग्ण आढळताच शाळा बंद करण्याची मागणी स्वाभाविक आहे. परंतु रुग्णाच्या निकट आलेल्यांची यादी करून, त्यांना प्रतिबंधक प्रतिजैविके देऊन, सुमारे आठवडाभर त्यांच्या घशावर लक्ष ठेवून आणि राहिलेल्या लसी तत्काळ देऊनच संसर्गाची साखळी तुटते. मुले शाळेत असतील, तर हे काम काही तासांत होते. ती घरी पांगली, तर आरोग्य कर्मचाऱ्यांना घरोघर शोध घ्यावा लागतो. आश्रमशाळा आणि निवासी शाळांच्या बाबतीत घाईची सुट्टी अधिक धोक्याची ठरू शकते. लस मुख्यतः विषापासून वाचवते, मात्र जिवाणू घशात राहण्यास पूर्ण प्रतिबंध करत नाही. म्हणूनच निरोगी दिसणारे मूल वाहक असू शकते आणि तपासणीविना गावी गेल्यास संसर्गही सोबत नेऊ शकते. शाळा काही दिवस बंद ठेवायचीच झाल्यास ती निकटवर्तीयांची तपासणी आणि औषधवाटप झाल्यावर ठेवणे शहाणपणाचे.

स्थलांतरित कुटुंबांचा प्रश्न याहून बिकट आहे. बीड, अहिल्यानगरकडील ऊसतोड कामगार वर्षातील अनेक महिने पश्चिम महाराष्ट्रात अथवा कर्नाटकात असतात. वीटभट्ट्या आणि बांधकामांवरील मजुरांची मुलेही शाळेच्या पटावर एका गावी आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच गावी असतात. लसीकरणाचे सत्र गावात होते, त्या दिवशी मूल फडावर असते. लसींच्या नोंदींसाठीची ‘यू-विन’ ही डिजिटल प्रणाली अशा मुलांना उपयोगी पडू शकते, मात्र मुलाला लस टोचण्याची जबाबदारी मूळ गावाची की कामाच्या ठिकाणची, हे ठरल्याखेरीज तिचा पुरेसा लाभ होणार नाही.

अफवांचाही विचार करावा लागेल. २०१७ मध्ये गोवर-रुबेला लसीकरण मोहिमेच्या वेळी व्हॉट्सॲपवरील अपप्रचारामुळे दक्षिणेकडील काही भागांत पालकांनी मुलांना शाळेत पाठवण्याचे टाळले होते. शाळेत अचानक येऊन लस टोचली जाते, तेव्हा संशयाला वाव मिळतो. आधी सभा घेऊन, लस कोणती, कशासाठी आणि ताप आल्यास काय करावे हे सांगितले, तर संमती मिळवणे सोपे जाते.

पालकांनी आणि शासनाने काय करावे?

पालकांच्या हाती असलेली गोष्ट साधी आहे. मुलाचे लसीकरण कार्ड शोधावे आणि पाच, दहा व सोळा वर्षांच्या रकान्यांत नोंद आहे का, ते पाहावे. कार्ड हरवले असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारणा करावी. राहिलेली लस सात वर्षांपर्यंत डीपीटी आणि त्यानंतर टीडी या रूपात देता येते, त्यामुळे ‘आता वय उलटले’ असे समजण्याचे कारण नाही. घसादुखीसोबत घशात पापुद्रा, मानेला सूज, घोगरा आवाज किंवा श्वासाचा त्रास दिसल्यास घरगुती उपाय न करता तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे आणि मुलाची लस राहिली असल्यास ते डॉक्टरांना आपणहून सांगावे. तो पापुद्रा खरवडण्याचा प्रयत्न मात्र कदापि करू नये.

शासनासाठीही मार्ग नवा नाही. मुलांच्या आरोग्य तपासणीचा ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथूनच सुरू झाला आणि त्याची पथके शाळांपर्यंत पोहोचतात. याच पथकांनी पहिली, पाचवी आणि दहावीच्या वर्गांत लसीची नोंद तपासावी, शाळाप्रवेशाच्या अर्जात तिच्यासाठी रकाना असावा, आणि नोंद नसलेल्या मुलाचा प्रवेश न अडवता त्याला त्याच आठवड्यात लस मिळावी. प्रवेश नाकारला, तर ज्या मुलाला संरक्षणाची सर्वाधिक गरज आहे, तेच व्यवस्थेबाहेर फेकले जाईल.

लसीकरणाची घडी विस्कटली की काय होते, याचा दाखला सोव्हिएत संघाच्या विघटनानंतरच्या दशकाने दिला आहे. तेथील देशांत १९९० च्या दशकात घटसर्पाचे दीड लाखांहून अधिक रुग्ण आढळले आणि सुमारे पाच हजार मृत्यू झाले. भारताची स्थिती तशी नाही. जगात सर्वाधिक लसमात्रा तयार करणारी संस्था पुण्यात आहे, लस मोफत आहे आणि आशा सेविकांचे जाळे गावोगावी आहे. कमतरता आहे ती पहिल्या वाढदिवसानंतरही मुलाचा हिशेब ठेवण्याची. पुढील शैक्षणिक वर्षाच्या प्रवेशाबरोबर तो हिशेब सुरू झाला, तर डीगमधील मृत्यूंनी दिलेला इशारा वाया गेला नाही, असे म्हणता येईल.