तानसाचे पाणी आणि माहुलची हवा

पावसाळा उतरणीला लागला की मुंबईच्या सुखवस्तू वर्गाला सह्याद्रीच्या पायथ्याची ओढ लागते. शहापूर तालुक्यातील तानसा, मोडकसागर आणि भातसा ही जलाशये या दिवसांत काठोकाठ भरलेली असतात. भोवतीचे सागाचे रान हिरवेगार असते. कोणी पायी भटकंतीसाठी जातो, तर कोणी दुर्बीण गळ्यात अडकवून पक्षी पाहण्यासाठी. ज्यांना इतके दूर जाणे होत नाही ते पवईच्या तलावाकाठी गळ टाकून बसतात, किंवा थंडीत शिवडी-माहुलच्या चिखलात उतरणारे रोहित पक्षी पाहून येतात. या आनंदाविषयी आमची तक्रार नाही. डोंगर, पाणी आणि पाखरे यांची भूक ही माणसाची स्वाभाविक भूक आहे, आणि दिवसाचे बारा तास यंत्राशी झुंजणाऱ्या श्रमिकाला ती इतरांहून कमी लागते असे समजण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती या आनंदाची किंमत कोणाकडून वसूल केली जाते याविषयी.

हा प्रश्न समजून घ्यायचा तर तानसाच्या पाण्याबरोबर मुंबईपर्यंत प्रवास केला पाहिजे. १८६० मध्ये विहार तलावाचे आणि १८७९ मध्ये तुळशीचे पाणी शहराला मिळू लागले. गिरण्यांचे शहर वाढत होते आणि ते पाणी अपुरे पडू लागले. तेव्हा वसाहतवादी राजवटीने ठाणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागाकडे दृष्टी वळवली आणि १८९२ मध्ये तानसा धरणाचे पाणी मुंबईत आणले. सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीची दगडी भिंत बांधून अडवलेले ते पाणी केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत वाहत आले. मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि २०१४ मधील मध्य वैतरणा ही पुढची धरणे त्याच दिशेने झाली. आज सात जलाशये मिळून मुंबईला दररोज सुमारे पावणेचार हजार दशलक्ष लिटर पाणी पुरवतात. हे सारे पाणी ज्यांच्या जमिनीवर साठते आणि ज्यांच्या दारावरून वाहते, त्यांच्या वाट्याला काय आले?

प्रारंभ उगमापासून करू. शहापूर तालुक्यात ठाकूर, कातकरी, वारली आणि महादेव कोळी समाजाचे पाडे आहेत. मुंबईची तहान भागवणाऱ्या या तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, आणि तो ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. या गावांसाठी जी योजना मंजूर झाली ती शेजारच्या भातसातून वा तानसातून पाणी देणारी नव्हती. ती इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून सत्त्याण्णव गावांना आणि अडीचशेहून अधिक पाड्यांना पाणी आणणारी होती, आणि तीही वर्षानुवर्षे रखडली. दाराशी तीन समुद्र आणि पाणी मात्र नाशिक जिल्ह्यातून! भातसाच्या धरणग्रस्तांची दुसरी पिढी आजही पुनर्वसनासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवते आहे. शनिवार-रविवारी येणाऱ्या प्रवाशाला यातले काही दिसत नाही, कारण जलाशय सुंदर दिसायचे तर त्याच्या काठावर तहानलेली माणसे दिसून चालत नाहीत.

आता जलवाहिनीच्या दुसऱ्या टोकाकडे येऊ. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला असा तानसा वाहिनीचा मार्ग उपनगरांच्या पोटातून जातो. तिच्या दोन्ही अंगांस अनेक दशके कष्टकऱ्यांच्या वस्त्या उभ्या होत्या. घरकाम करणाऱ्या स्त्रिया, रिक्षाचालक, फेरीवाले, बिगारी, सफाई कामगार यांची ही घरे. ज्या वाहिनीला पाठ टेकून ही माणसे झोपत, तिच्यातले पाणी नळाने घरात यावे यासाठी मात्र त्यांना झगडावे लागे. सन २००० नंतरच्या झोपड्यांनाही पाणी नाकारता येणार नाही, हे पाणी हक्क समितीच्या याचिकेवर उच्च न्यायालयाला डिसेंबर २०१४ मध्ये महापालिकेला सांगावे लागले.

त्याआधी दुसऱ्या एका याचिकेवर याच न्यायालयाने जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंस दहा मीटर अंतरातील बांधकामे हटवण्याचा आदेश दिला होता. कारण सांगितले गेले ते पाण्याच्या सुरक्षिततेचे. कारण खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. साऱ्या शहराचे पाणी सुरक्षित असलेच पाहिजे. परंतु घरे पडली आणि त्या मोकळ्या पट्ट्यावर महापालिकेने योजना आणली ती मुलुंडपासून सायन-धारावीपर्यंत ३९ किलोमीटर लांबीच्या सायकलमार्गाची व पायवाटेची. तिचा पहिला अंदाजच सुमारे तीनशे कोटी रुपयांचा होता. योजनेचे नाव ठेवले ‘हरित वारी, जल तीरी’!

या नावापाशी क्षणभर थांबले पाहिजे. वारी हा महाराष्ट्रातील सर्वांत लोकशाही अशा चालण्याचा शब्द आहे. ज्याच्या पायात वहाण नाही, ज्याला घर नाही, तोही तिच्यात बरोबरीने चालतो. या नव्या वारीचा आरंभच मात्र ज्यांची घरे वाटेवर होती त्यांना वाटेतून दूर करून झाला. सायकलमार्ग झाला की पुन्हा अतिक्रमण होणार नाही, असे समर्थन अधिकाऱ्यांनी केले. म्हणजे दहा मीटरच्या आत राहणारी मोलकरीण ही पाण्याला धोका, आणि त्याच दहा मीटरमध्ये सायकल फिरवणारा गृहस्थ हा पाण्याचा राखणदार! सुरक्षिततेची ही व्याख्या अभियांत्रिकीच्या कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. ती वर्गीय दृष्टीतून आलेली आहे.

आणि या कुटुंबांना पाठवले कोठे? माहुलला. पूर्व किनाऱ्यावरचे हे कोळ्यांचे जुने गाव. १९५० च्या दशकात तेथे तेलशुद्धीकरण कारखाने आले, मागोमाग खतांचा कारखाना, वीजकेंद्र आणि रसायनांच्या टाक्या आल्या. या कारखान्यांच्या शेजारी सात मजल्यांच्या ७२ इमारती आणि त्यांत २२५ चौरस फुटांची १७ हजारांहून अधिक घरे उभारण्यात आली. येथील हवेविरुद्ध मूळच्या कोळी रहिवाशांनी आधीच राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली होती. केईएम रुग्णालयाच्या पाहणीत सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागत असल्याचे सांगितले होते. माहुल आणि आंबापाडा येथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्यास स्पष्ट धोका आहे, असा निष्कर्ष न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१५ मध्ये नोंदवला. वाचकांनी ही तारीख लक्षात ठेवावी. कारण तानसा वाहिनीवरील कुटुंबांना मोठ्या संख्येने माहुलला धाडण्यास आरंभ झाला तो २०१७ मध्ये. म्हणजे शासनाला ठाऊक नव्हते ही सबब उरत नाही. निकालपत्र हाती असताना माणसे तेथे पाठवण्यात आली.

पुढचा इतिहास लढ्याचा आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये माहुलच्या स्त्रिया-पुरुषांनी विद्याविहार येथे, आपली घरे जेथे पडली त्याच जलवाहिनीच्या काठी ठिय्या दिला आणि तो वर्षाहून अधिक काळ चालवला. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने कोणालाही सक्तीने माहुलला पाठवू नये असे बजावले. ज्यांना दुसरे घर देता येत नाही त्यांना दरमहा १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार रुपये अनामत द्यावी, असा आदेश दिला. २०२० मध्ये न्यायाधिकरणाने तेथील चार कंपन्यांवर मिळून २८६ कोटी रुपयांची भरपाई बसवली. आणि २०२५ मध्ये महापालिकेने माहुलची नऊ हजारांहून अधिक रिकामी घरे आपल्याच कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजार रुपयांत विकायला काढली, तेव्हा मुंबईसारख्या घरटंचाईच्या शहरातही गिऱ्हाईक मिळेना. महापालिकेच्या नोकरांनी स्वस्तात नाकारलेली हवा महापालिकेने झोपडीवासीयांना मात्र सक्तीने दिली. माहुलविषयी याहून स्पष्ट साक्ष कोणती हवी?

येथे काही मित्र विचारतील, ‘मग निसर्गाचे रक्षण करायचे नाही काय? झोपड्या आणि सांडपाणी यांत पाखरे कोठून येणार?’ हा प्रश्न उडवून लावण्याचा नाही. तानसाचे रान १९७० पासून अभयारण्य आहे. एकेकाळी नामशेष मानला गेलेला रानपिंगळा २०१४ मध्ये तेथे आढळला. ही संपत्ती जपलीच पाहिजे. परंतु तिला खरा धोका कोणापासून आहे? याच अभयारण्यात मुंबईसाठी गारगाई धरणाची योजना आहे. दररोज ४४० दशलक्ष लिटर पाण्यासाठी लाखो झाडे आणि ओगदे परिसरातील आदिवासी गावे तिच्यात जाणार आहेत. पवईच्या तलावात महापालिकेनेच सायकलमार्गासाठी भराव घातला, आणि मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवून काढून टाकण्यास सांगितले. माहुलच्या खाडीत तेल व रसायने उतरतात ती कोळ्यांच्या होडीतून नव्हे. रोहित पक्ष्याचे अन्न आणि कोळ्याची मासळी एकाच चिखलात वाढतात व एकाच विषाने मरतात. निसर्गाचा शत्रू गरीब आहे, हा सोयीस्कर समज ज्यांनी पसरवला, त्यांच्याच बुलडोझरखाली झाड आणि झोपडी दोन्ही जातात.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. डोंगरात मोकळे भटकण्याचा हक्क हा मुळात श्रीमंतांनी मिळवलेला हक्क नाही. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या परिसरातील उंच माळराने जमीनदारांनी शिकारीसाठी राखली होती, आणि पाणलोटाच्या शुद्धतेचे कारण दाखवून जलाशयांच्या भोवतीही मज्जाव असे. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या तरुण कामगाराच्या पुढाकाराने शेकडो श्रमिक तरुण किंडर जलाशयाच्या काठाने किंडर स्काउटच्या माळावर बंदी मोडून चढले. काहींना त्यासाठी तुरुंगवास झाला. पुढे १९४९ च्या राष्ट्रीय उद्यानांच्या कायद्याची भूमी तयार करण्यात त्या चढाईचा वाटा होता. तेथे ज्यांना वाट बंद होती त्यांनी ती उघडली. येथे जे वाटेवर राहत होते त्यांना हुसकून ती इतरांसाठी उघडली जात आहे. दोन्हीला ‘निसर्गाकडे जाणे’ म्हटले म्हणून दोन्ही एक होत नाहीत.

आपल्याकडेही पाण्याचा प्रश्न हा हक्काचाच प्रश्न राहिला आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या तळ्यावर गेले ते तळे सार्वजनिक आहे हे सिद्ध करण्यासाठी. मृणालताई गोरे गोरेगावच्या वस्त्यांत नळ यावा म्हणून झगडल्या, आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव प्रेमाने दिले. त्या परंपरेने आम्हाला हक्कांचा क्रम शिकवला: आधी पिण्याचे पाणी, मग डोक्यावर छप्पर आणि श्वासाला स्वच्छ हवा, आणि त्यानंतर सर्वांसाठी विहार. हा क्रम उलटला की विहार हा विशेषाधिकार बनतो.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. तानसा वाहिनीवरून उठवलेल्या प्रत्येक कुटुंबाला, माहुलबाहेर, रोजगाराच्या आणि शाळेच्या जवळ कायम घर मिळाले पाहिजे. भाड्याची रक्कम हा पुनर्वसनाला पर्याय नव्हे. ते होईपर्यंत ‘हरित वारी’वर आणखी एक रुपयाही खर्च होता कामा नये. जलाशयांच्या काठच्या गावांना त्याच जलाशयांतून पाण्याचा पहिला हक्क मिळावा. २००६ च्या वनहक्क कायद्याने पाणवठ्यांतील मासळीवर वनवासी समूहांचे सामूहिक हक्क मान्य केले आहेत. त्यांची नोंद ग्रामसभांच्या नावे व्हावी, आणि भटकंतीतून मिळणारे उत्पन्न ठेकेदारांऐवजी स्थानिकांच्या सहकारी संस्थांकडे जावे. आणि महापालिकेच्या शाळांतील प्रत्येक मुलाला, माहुलमधील मुलांनाही, आपण पितो ते पाणी कोठून येते हे पाहण्यासाठी वर्षातून एकदा तानसाला विनामूल्य नेण्यात यावे. रान आणि पाखरे त्यांचीही आहेत.

येत्या उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाईल आणि माहुलच्या खोल्यांत खिडक्या बंद करून माणसे झोपतील. कार्यकर्त्यांनी या दोन ठिकाणांची प्रत्यक्ष गाठ घालून दिली पाहिजे. शहापूरच्या ग्रामसभांचे ठराव माहुलच्या चाळकमिट्यांत वाचले जावेत, माहुलच्या स्त्रिया तानसाच्या काठी जाव्यात आणि दोहोंनी मिळून महापालिकेच्या दारात उभे राहावे. एकाच वाहिनीने बांधलेली ही माणसे एकत्र आली, तर त्यांच्या पाण्याचा हिशेब देणे शहराला टाळता येणार नाही.