विश्लेषण : पाळीव प्राण्यासाठी चांगला पशुवैद्य कसा ओळखावा? नोंदणी क्रमांक विचारणे का गरजेचे?

शहरांत पेट क्लिनिकच्या पाट्या वाढत आहेत. कुत्र्या-मांजरांसाठी एक्स-रे, सोनोग्राफी आणि रक्ततपासणी आता मोठ्या शहरांत सहज मिळते. मुंबईत महालक्ष्मी येथे २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांसाठीचे रुग्णालय सुरू झाले. पण त्याच शहरांत पेट शॉपच्या मागच्या खोलीत लस टोचणारे, घरी येऊन इंजेक्शन देणारे आणि कोणतीही पदवी नसताना ‘डॉक्टर’ म्हणवून घेणारेही आहेत. पाटीवरून या दोघांतला फरक कळत नाही. रुग्ण बोलू शकत नाही, त्यामुळे चुकीचा उपचार झाला तरी तो सांगणार नाही. म्हणूनच डॉक्टर पारखण्याची जबाबदारी पूर्णपणे पालकावर येते.

हा प्रश्न आताच महत्त्वाचा का?

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांबाबत दोन आदेश दिले. ११ ऑगस्टचा आदेश कुत्र्यांना पकडून निवाऱ्यात ठेवण्याचा होता. २२ ऑगस्टला त्यात बदल झाला आणि निर्बीजीकरण व लसीकरणानंतर, रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्रे वगळता, इतरांना मूळ जागी सोडण्यास सांगण्यात आले. या निमित्ताने रेबीजची चर्चा देशभर झाली. मात्र ती बहुतांशी भटक्या कुत्र्यांभोवतीच फिरली. घरातल्या कुत्र्याला दिलेली लस खरी होती का, ती देणारा कोण होता, हे फारसे कुणी विचारले नाही.

रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळपास अटळ असतो. कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने २०२१ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात ठेवले आहे. अशा वेळी गरम झालेल्या कुपीतून दिलेली लस आणि तिच्या आधारे मिळालेले कार्ड घरातल्या सगळ्यांनाच धोक्यात टाकते. घरचा कुत्रा चावला, तर ‘त्याला लस दिली आहे’ या भरवशावर माणसे निर्धास्त राहू शकतात.

कायद्याने पशुवैद्य कोण?

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार नोंदणीकृत पशुवैद्यालाच प्राण्यांवर वैद्यकीय उपचारांचा व्यवसाय करता येतो. आरोग्य प्रमाणपत्रावर सही करण्याचा अधिकारही त्यालाच आहे. त्यासाठी ‘बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच.’ ही पदवी लागते. एका वर्षाच्या इंटर्नशिपसह हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील पशुवैद्यक महाविद्यालये नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत. यातील मुंबईचे महाविद्यालय १८८६ पासून सुरू आहे.

पदवीनंतर राज्य परिषदेकडे नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात हे काम नागपूर येथील महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद पाहते. नोंदणी झालेल्या प्रत्येकाला क्रमांक मिळतो. दवाखान्यात तो लावलेला नसेल किंवा प्रिस्क्रिप्शनवर छापलेला नसेल, तर नम्रपणे विचारावा. खऱ्या डॉक्टरला त्यात अपमान वाटण्याचे कारण नाही. क्रमांक सांगण्यास टाळाटाळ झाली, तर तेवढ्यावरच दुसरा दवाखाना शोधावा.

पशुवैद्य आणि पशुधन पर्यवेक्षक यांत फरक काय?

ग्रामीण भागात हा गोंधळ जुना आहे. पशुधन पर्यवेक्षक किंवा पदविकाधारक कर्मचारी गावोगाव काम करतात आणि लोक त्यांनाही ‘डॉक्टर’च म्हणतात. कायद्यातील कलम ३० नुसार राज्य सरकार अशा प्रशिक्षितांना ‘किरकोळ पशुवैद्यकीय सेवा’ देण्याची परवानगी देऊ शकते. पण ही सेवा नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली आणि निर्देशानुसार द्यायची असते. प्राथमिक उपचार, जखमेची मलमपट्टी यांत त्यांचा मोठा आधार असतो. मात्र रोगाचे निदान, भूल, शस्त्रक्रिया ही पदवीधर पशुवैद्याची कामे आहेत.

पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यांतही हा फरक दिसतो. श्रेणी एकच्या दवाखान्याचा प्रमुख पदवीधर पशुधन विकास अधिकारी असतो. श्रेणी दोनच्या दवाखान्यांचे काम परंपरेने पशुधन पर्यवेक्षक पाहत आले आहेत. त्यामुळे कुत्र्याला घेऊन निघण्याआधी ‘तिथे डॉक्टर आहेत का, आणि आज आहेत का’ हे फोन करून विचारलेले बरे.

दवाखान्याची तपासणी कोण करते?

इथे मोठी फट आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा, १९४९ हा माणसांच्या रुग्णालयांसाठी आहे, प्राण्यांच्या दवाखान्यांना तो लागू नाही. पशुवैद्यक परिषद नोंदणी करते ती व्यक्तीची. त्यामुळे ऑपरेशन थिएटर किती स्वच्छ आहे, भूल देताना प्राणवायूची सोय आहे का, लसींच्या फ्रिजला वीज गेल्यावर पर्याय आहे का, हे पालकालाच डोळ्यांनी पाहावे आणि तोंडाने विचारावे लागते. चकचकीत काचा, वातानुकूलन आणि समाजमाध्यमांवरचे पाच तारे यांतून यापैकी काहीही कळत नाही. एका खोलीतला दवाखाना उत्तम असू शकतो आणि तीन मजली रुग्णालयात रात्री डॉक्टर नसू शकतो.

पहिल्या भेटीत काय पाहावे?

डॉक्टर प्राण्याला हात लावतात का, ही पहिली कसोटी. चांगला पशुवैद्य आधी वजन करतो, कारण बहुतेक औषधांचा डोस किलोवर ठरतो. तापमान घेतो, हिरड्यांचा रंग पाहतो, छाती ऐकतो, पोट चाचपतो. कुत्र्या-मांजरांचे सर्वसाधारण तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. माणसाच्या मापाने तो ताप वाटेल, पण त्यांच्यासाठी नाही. तापमान न घेताच ‘ताप आहे’ म्हणत सुई टोचणाऱ्यापासून सावध राहावे.

दुसरी कसोटी प्रश्नांची. काय खातो, शी-शू कशी आहे, घरात आणखी प्राणी आहेत का, आधी कोणते औषध दिले, गोचीड दिसली का, हे डॉक्टरांनी विचारायला हवे. आपल्याकडे गोचिडीमुळे होणारे बॅबेसिओसिस, एर्लिकिओसिस हे आजार सर्रास आढळतात. त्यांचा संशय आला तर रक्ताची तपासणी सुचवणारा डॉक्टर केवळ अंदाजावर इंजेक्शनांचा कोर्स सुरू करणाऱ्यापेक्षा भरवशाचा.

तिसरी कसोटी कागदाची. औषधाचे नाव, प्रमाण आणि दिवस लिहून मिळायला हवेत. पुडीत बांधलेल्या बिननावाच्या गोळ्या किंवा ‘आमचे खास इंजेक्शन’ असे उत्तर मान्य करू नये. उद्या रात्री दुसऱ्या डॉक्टरकडे धावावे लागले, तर आधी काय दिले हे त्यांना कळलेच पाहिजे. तपासण्यांचे अहवालही मागून घ्यावेत.

चौथी कसोटी सर्वांत महत्त्वाची. ‘हे माझ्याकडे होणार नाही, अमुक ठिकाणी न्या’ असे डॉक्टर म्हणतात का? प्रत्येक आजारावर आपल्याकडेच इलाज आहे असे सांगणाऱ्यापेक्षा योग्य वेळी पुढे पाठवणारा डॉक्टर चांगला. पाटीवर ‘स्पेशालिस्ट’ लिहिलेले असेल, तर कोणत्या विषयात एम.व्ही.एस्सी. केले आहे ते विचारावे. शल्यचिकित्सा, औषधवैद्यक, प्रसूतिशास्त्र हे वेगवेगळे विषय आहेत.

लस देताना काय तपासावे?

लस साधारण २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. ती फ्रिजमधून समोर काढली जाते का, कुपी समोर उघडली जाते का, हे पाहावे. घरी येऊन लस देणाऱ्याकडे बर्फाची पेटी असायलाच हवी. कुपीवरचा स्टिकर कार्डवर चिकटवलेला असावा. त्यावर लसीचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असते. शेजारी तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. नुसती पेनाने लिहिलेली तारीख हा पुरावा नव्हे.

पिल्लांना पार्व्हो, डिस्टेंपर यांसारख्या आजारांवरची लस साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि सोळा आठवड्यांचे होईपर्यंत ठरावीक अंतराने पुन्हा दिली जाते. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लसीला निष्प्रभ करू शकते, म्हणून ही पुनरावृत्ती. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर दिली जाते. त्यामुळे दीड महिन्याच्या पिल्लाला ‘सगळ्या लसी झाल्यात’ असे विक्रेता सांगत असेल, तर ते शक्यच नाही. शिवाय २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार दोन महिन्यांखालील पिल्लू विकताच येत नाही.

शस्त्रक्रियेआधी कोणते प्रश्न विचारावेत?

निर्बीजीकरण ही नेहमीची शस्त्रक्रिया असली तरी तिला पूर्ण भूल लागते. आधी रक्ततपासणी होणार का? भूल कोण देणार आणि त्या वेळी श्वास व ठोक्यांवर लक्ष कोण ठेवणार? नंतर वेदनाशामक मिळणार का? शुद्धीवर येईपर्यंत प्राणी कुणाच्या देखरेखीखाली असेल? पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या जातींना भुलीचा धोका जास्त असतो, त्याची वेगळी काळजी काय घेणार? या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली पाहिजेत. संमतीपत्र समजेल अशा भाषेत वाचून मगच सही करावी. अंदाजे खर्च आधी लेखी मागावा. पशुवैद्यकीय शुल्कावर सरकारी मर्यादा नसल्याने नंतरचा वाद टाळण्याचा हाच मार्ग आहे.

मांजर, ससा, पक्षी यांचे काय?

कुत्र्यांचा चांगला डॉक्टर मांजरांचाही चांगला असेलच असे नाही. माणसांना चालणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडीसाठीची परमेथ्रिन असलेली औषधे मांजरांना विषारी ठरतात. कुत्र्या-मांजरांना चालणारे फिप्रोनिल सशाला घातक आहे आणि सशाला तोंडावाटे अमॉक्सिसिलिन देणे धोक्याचे. आपल्या प्राण्याबाबत डॉक्टरांना हे बारकावे माहीत आहेत का, हे ‘असे रुग्ण तुमच्याकडे किती येतात’ या साध्या प्रश्नातून कळते. देशी पोपट आणि स्टार कासव मात्र वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पाळताच येत नाहीत.

रात्री-अपरात्री काय करावे?

डॉक्टर शोधण्याची सर्वांत वाईट वेळ म्हणजे रात्रीचे दोन. नर मांजर लघवीसाठी वारंवार बसत असेल आणि थेंबही येत नसेल, मोठ्या कुत्र्याचे पोट फुगून तो कोरड्या उलट्या करत असेल, पिल्लाला रक्ताचे जुलाब होत असतील, उन्हाने कुत्रा धापा टाकत कोसळला असेल किंवा उंदराचे औषध खाल्ले असेल, तर सकाळची वाट पाहता येत नाही. म्हणून नेहमीच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारून ठेवावे : तुम्ही नसाल तेव्हा कुठे जायचे? मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय अनेकांना ठाऊक आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुसंवर्धन विभागाचे पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आणि महाविद्यालय असलेल्या गावी तेथील दवाखाना हे पर्याय आहेत. त्यांचे फोन आणि वेळा आधीच मोबाइलमध्ये साठवून ठेवाव्यात. १९६२ या क्रमांकावरची फिरती पशुवैद्यकीय सेवा मुख्यतः पशुधनासाठी आहे, त्यामुळे कुत्र्या-मांजरांसाठी तिच्यावर विसंबू नये.

तक्रार कुठे करता येते?

बोगस डॉक्टर असेल तर राज्य पशुवैद्यक परिषद आणि पोलिसांकडे तक्रार करता येते. नोंदणीकृत डॉक्टरने व्यावसायिक आचारसंहिता मोडली, तर परिषद चौकशी करू शकते. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत निष्काळजी झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पण प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न पुराव्याचा येतो. प्रिस्क्रिप्शन, बिल, अहवाल, लसीचे कार्ड हाती नसेल तर तक्रार टिकत नाही. प्राणी दगावला असेल आणि कारणाबद्दल वाद असेल, तर अंत्यसंस्कारापूर्वी शवविच्छेदन करून घेणे आवश्यक ठरते. उपचारांना यश आले नाही म्हणजे निष्काळजीच झाली, असे मात्र नसते. पार्व्होचे पिल्लू उत्तम उपचारांनंतरही दगावू शकते.

पालकाची बाजू काय?

चांगला डॉक्टर मिळाला तरी त्याला माहिती पालकाकडूनच मिळते. घरी दिलेली गोळी लपवणे, कोर्स अर्धवट सोडणे, इंटरनेटवर वाचून डोस बदलणे, पैसे वाचवण्यासाठी दुकानातून औषध आणणे, यांमुळे निदान चुकते. प्राणी निरोगी असतानाच एकदा वजन आणि तपासणीसाठी दवाखान्यात नेले, तर डॉक्टरला त्याची नेहमीची स्थिती माहीत होते आणि पालकालाही डॉक्टर पारखता येतो. नोंदणी क्रमांक, लेखी प्रिस्क्रिप्शन, लसीचा स्टिकर आणि रात्रीचा फोन नंबर या चार गोष्टी त्याच भेटीत मागून घ्याव्यात. त्यासाठी वेगळा खर्च येत नाही.