दूध पुरत नाही म्हणे!

म्हैस व्यायल्याचं गवळ्याने सांगितलं की आपल्या घरात केवढी धांदल उडते! चीक मिळावा म्हणून त्याची मनधरणी करायची, गूळ-वेलदोडा घालून खरवस करायचा आणि वाटीवाटीने शेजारी पोहोचवायचा. चीक पौष्टिक असतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण बाई बाळंत झाली की याच घरांनी तिचं पहिलं पिवळसर, चिकट दूध ‘जड असतं’, ‘बाळाला बाधतं’ म्हणून पिळून टाकलं आणि बाळाच्या जिभेला मध लावला. म्हशीचा चीक पक्वान्न आणि आईचा चीक टाकाऊ! हा न्याय माझ्या आजीने केला, आईनेही केला. मी केला नाही. पण मी फार शहाणपणाचं काही केलं, असंही नाही.

माझी मुलगी १९९० सालची. तिसऱ्या दिवशी ती सारखी रडायला लागली आणि घरातल्या सगळ्यांनी एकमताने निकाल दिला, ‘हिला दूध नाही.’ संध्याकाळी पावडरचा डबा आला. डब्यावर एक गुटगुटीत बाळ हसत होतं. महिनाभरात माझं दूध खरोखरच आटलं आणि निकाल बरोबर होता, असं सर्वांनाच वाटलं. मलाही. पुढे १९९२ साली कायदा झाला. बाळाच्या पावडरची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, डब्यावर आईचं किंवा बाळाचं चित्र छापायचं नाही, असं त्याने ठरवून दिलं. चांगला कायदा आहे. पण ‘दूध पुरत नाही’ हे वाक्य काही डब्यावर छापलेलं नव्हतं. ते आपल्या तोंडात होतं आणि तिथेच राहिलं.

गेल्या वर्षी तीच मुलगी बाळंत झाली. सिझेरियन. दवाखाना मोठा, चकचकीत; नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण असं अनेक ठिकाणी होतं. दुसऱ्या रात्री नात रडायची थांबेना. लेकीने नऊ महिने सगळं वाचून काढलं होतं, पण रात्री दोन वाजता टाके ठणकत असताना वाचलेलं किती आठवणार? आणि मी, जिने तोंड मिटून बसायला हवं होतं, तीच बोलून गेले, ‘अगं, दूध उतरलेलं दिसत नाही तुला.’ ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी बाळाला एकदाही अंगावर पिताना न पाहता पावडरची चिठ्ठी लिहून दिली. जावई चप्पल घालून निघालेच होते. तेवढ्यात रात्रपाळीच्या एक वयस्क सिस्टर आत आल्या. ‘थांबा हो, आधी बघू तरी पिते कशी,’ म्हणाल्या आणि चक्क खुर्ची ओढून बसल्या.

त्यांनी जे केलं त्यात जादू काही नव्हती. लेकीला कुशीवर वळवलं, पाठीला उशी दिली. बाळाची नुसती मान नव्हे, सगळं अंगच आईकडे फिरवलं, पोटाला पोट लागेल असं. बाळाने मोठा आ करेपर्यंत थांबल्या आणि मगच जवळ घेतलं. नुसतं टोक नाही, भोवतालचा काळा भागही पुष्कळसा तोंडात गेला पाहिजे, हनुवटी छातीला टेकली पाहिजे. ‘दुखतंय का ताई? दुखत असेल तर पकड चुकली, सोडवून पुन्हा लावायचं.’ मग म्हणाल्या, ‘आता ऐका.’ आम्ही श्वास रोखून ऐकलं. चार-पाच वेळा चोखल्यावर बारीकसा घोट गिळल्याचा आवाज आला. लेक रडायला लागली. मीही लागले.

पहिल्या दोन दिवसांत एका वेळी येऊन जाऊन चमचाभर दूध येतं आणि बाळाला तेवढंच लागतं. भरपूर दूध उतरायला तीन-चार दिवस लागतात, सिझेरियननंतर कधी आणखी थोडे. तोवर बाळ रात्रभर पुन्हा पुन्हा मागतं. त्याच्या चोखण्यानेच दूध तयार होण्याचा निरोप आईच्या शरीराला मिळतो आणि तो रात्री अधिक जोराने पोहोचतो. गरज नसताना बाटली दिली की पोर गाढ झोपतं, आपण सुटकेचा श्वास टाकतो, चोखणं कमी होतं आणि दूध कमी होत जातं. माझं १९९० साली असंच झालं असणार. हे कळायला मला आजी व्हावं लागलं.

पूर्वी आपण म्हणत होतो, बायका दवाखान्यात बाळंत होऊ लागल्या की हे सगळं सुधारेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. आणि जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं? ४१.८ टक्के. म्हणजे दाराशी डॉक्टर आहे, सिस्टर आहे, आणि तरीही निम्म्याहून अधिक बाळं तो पहिला तास आईच्या दुधावाचून घालवतात. बाईने दवाखाना गाठला, पण दवाखान्यातलं कुणी तिच्यापर्यंत पोहोचलं की नाही?

इथवर वाचून कुणी ‘अंगावरचंच पाजा, बाकी सब झूट’ असं म्हणत असेल तर थांबा. कारण माझ्या भाचीची गोष्ट उलटी आहे. तिचं बाळ रडायचंच नाही. ‘किती शहाणं!’ म्हणून सगळे कौतुक करत होते. पाचव्या दिवशी ते पिवळं दिसायला लागलं, तेव्हा कुणीतरी ‘सकाळच्या उन्हात धरा’ म्हणालं. संध्याकाळपर्यंत तळवे पिवळे झाले, उठवूनही पिईना. दवाखान्यात वजन केलं तर जन्माच्या वजनात बरीच घट. बाळाला दिव्यांखाली ठेवलं, आईचं दूध काढून वाटी-चमच्याने पाजलं, आणि ते पुरेना तेव्हा डॉक्टरांनी वरचंही दिलं. देणं भागच होतं. बाळ सुधारलं, पण भाची अजून स्वतःला दोष देते, की आईचं दूध देणार म्हणून हट्ट धरला आणि पोराला उपाशी ठेवलं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, की फार कमी पिणारं बाळ रडतंच असं नाही, ते मलूल होऊन झोपतं.

म्हणजे रडणाऱ्या बाळाला पाहून आपण दूध नाही म्हणतो, न रडणाऱ्याला पाहून पोट भरलं म्हणतो, आणि दोन्हीकडे फसतो. बघायचं ते लंगोटात. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसभरात निदान सहा लंगोट ओले व्हायला हवेत. सुरुवातीची काळी चिकट शी तोवर पिवळी व्हायला हवी. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, तीन किलोच्या बाळाचं दोनशे-अडीचशे ग्रॅम उतरलं तर घाबरू नये. पण दहाव्या हिश्शाहून जास्त उतरलं तर ताबडतोब दाखवावं, आणि दोन आठवड्यांत ते भरून यावं. जन्मल्यापासून चोवीस तासांतच आलेला पिवळेपणा, पिवळे तळहात-तळपाय, न पिणारं, तापलेलं किंवा गार पडलेलं बाळ, यांत ऊन नको, घुटी नको, त्याच दिवशी दवाखाना. आणि मध वर्षभर नकोच. त्यातल्या जंतूंनी तान्ह्याला विषबाधा होऊ शकते.

हे बघायचं कुणी? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९० च्या दशकात गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी तान्ही बाळं तपासायला पाठवलं. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्याच वाटेने २०११ पासून आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात. तिसऱ्या, सातव्या, मग बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. पण आमच्या सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर कोण येतं? लाख-दीड लाखाचं बिल भरून चौथ्या दिवशी घरी आलेल्या माझ्या मुलीच्या कागदावर टाके बघायची तारीख होती, लसीची तारीख होती. बाळाचं वजन करायला कधी यायचं, त्याचा पत्ता नव्हता. पाचव्या दिवशी एक वजन आणि एकदा पाजताना बघणं, याला असा कितीसा खर्च येतो? ती तारीख त्या कागदावर छापून घेण्याचा आग्रह आता घरच्यांनीच धरायला हवा.

परवा खालच्या मजल्यावरची मुलगी बाळाला घेऊन घरी आली. मी अळिवाचे लाडू घेऊन गेले. खोलीत धुरी, अंधार, कौतुक, सगळं यथासांग. तिच्या सासूबाई हळूच म्हणाल्या, ‘वहिनी, पोर इतकं गुणी आहे, सकाळपासून जागंच झालं नाही.’

‘कितवा दिवस?’ मी विचारलं.

‘पाचवा. आज पाचवी पुजायची आहे.’

लाडवांचा डबा खाली ठेवला आणि म्हटलं, ‘सकाळपासून लंगोट किती बदललेत?’