शहाणी नायिका आणि बाकीच्या बायका

व्हिक्टोरियन काळातलं वेड्यांचं इस्पितळ म्हटलं की कादंबऱ्या आणि सिनेमे एकच चित्र पुढे करतात. दगडी भिंती, साखळीने बांधलेली बाई, दुष्ट नवरा, विकला गेलेला डॉक्टर. बाई अर्थातच शहाणी, सुंदर आणि खानदानी. माझा आक्षेप या चित्राला आहे. ‘आपल्याच बाजूचं आहे ना ते, मग कशाला कीस काढतेस?’ असं म्हणणाऱ्या मैत्रिणींशी माझं भांडण आहे.

चित्र हवेतून आलेलं नाही. रोझिना बुलवर लिटन या लेखिकेने १८५८ मध्ये वसाहतमंत्री झालेल्या नवऱ्याला निवडणुकीच्या भर सभेत जाब विचारला, तर त्याने तिला खासगी इस्पितळात कोंडलं. वर्तमानपत्रांतून ओरड झाली, तेव्हा तीनेक आठवड्यांनी ती सुटली. पुढच्याच वर्षी विल्की कॉलिन्सची ‘द वुमन इन व्हाइट’ क्रमशः येऊ लागली. (तिथे नायिकेला सोडवते ती तिची बहीण, एवढं तरी बरं!) जॉर्जिना वेल्डन १८७८ मध्ये धरायला आलेल्यांच्या हातावर तुरी देऊन निसटली. १८८२ च्या कायद्याने विवाहितेला स्वतःच्या नावाने दावा लावता येऊ लागताच तिने डॉक्टरांना कोर्टात खेचलं.

पण या दोघी सुखवस्तू. १८४५ च्या कायद्याने इंग्लंडातल्या परगण्यांना सरकारी इस्पितळं बांधणं भाग पाडलं, आणि ती भरली गरिबांनी. मोलकरणी, मजुरांच्या बायका, बाळंतपणानंतर भ्रम झालेल्या पोरी. त्यांना आत पाठवायला कारस्थान लागत नव्हतं. मॅजिस्ट्रेटचा हुकूम आणि एका डॉक्टरचा दाखला पुरे. श्रीमंत बाईसाठी निदान दोन डॉक्टर लागत. काहीजणी वर्षभरात बऱ्या होऊन घरी गेल्या, काही तिथेच म्हाताऱ्या झाल्या.

साखळ्यांचं म्हणाल, तर हॅनवेलच्या इस्पितळात जॉन कोनोलीने १८३९ मध्येच रुग्णांना बांधून ठेवणं बंद केलं होतं. मग आत होतं काय? धुणं होतं. सगळ्या इस्पितळाचे कपडे बायका धूत, इस्त्री करत, शिवत. त्याला उपचार म्हणत, म्हणून मजुरीचा प्रश्नच नाही! हे ओळखीचं वाटतं ना? पण धुण्याची भीती पडद्यावर दिसत नाही. मग दाखवतात फिट आणणारे विजेचे झटके, जे १९३८ साली इटलीत सुरू झाले.

मला खरा राग येतो तो याचा, की या गोष्टींतला सगळा अन्याय ‘ती वेडी नव्हतीच’ या एका खुंटीवर टांगलेला असतो. म्हणजे खरंच आजारी असती, तर कोंडणं योग्य होतं? ‘जेन एअर’मधली बर्था माळ्यावर कोंडलेली, आणि तिला कादंबरीभर एक धड वाक्य बोलू दिलेलं नाही. आपल्या पथनाट्यांतही नवऱ्याने वेडी ठरवलेली शहाणी बाईच असते. खरोखर आजारी बाईला आपण रंगमंचावर कधी आणलं?

इंग्लंडच्या दप्तरखान्यांत त्या इस्पितळांची केसबुकं आहेत. बाईचं वय, काम, तिला आणून सोडलं कोणी, ती सुटली की वारली, सगळं लिहिलेलं. कादंबरीकारांनी त्यातलं एखादं तरी उघडावं.