लिथियम: 'किती?'च्या आधी 'कुठून?'

मागच्या शनिवारी हिंगणीला गेलो होतो. जेवणं झाल्यावर काकांनी विचारलं, "काऊन रे, आपल्या वावरात बी निघंन का लिथियम?" फेब्रुवारी 2023 मध्ये जम्मूतल्या रियासीची बातमी आली ना, 59 लाख टनांची, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात हे घोळतंय.

उत्तर सरळ 'नाही'. हिंगणीखाली आहे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, म्हणजे बेसाल्ट. त्यात लिथियम नावापुरतं. खाणीतलं लिथियम मुख्यतः पेग्मटाइटमधून येतं. हा ग्रॅनाइटचाच भाऊबंद, फक्त स्फटिक मोठमोठे. कर्नाटकात मंड्याजवळ मार्लगल्लाला तो आहे. तिथला 1,600 टनांचा प्राथमिक अंदाज 2021 मध्ये सांगितला गेला.

पण पेग्मटाइटमध्ये लिथियम आलं कुठून? दोन मतं आहेत. एक: ग्रॅनाइटचा तप्त रस थंड होताना लिथियम स्फटिकांत फारसं मावत नाही, शेवटच्या उरलेल्या रसात साठत जातं. दोन: चिकणमातीचा जुना गाळ खोल गाडला जाऊन थेट वितळला, ग्रॅनाइटची गरजच नाही. वाद पुस्तकी वाटतो, पण पहिलं खरं असेल तर ग्रॅनाइटच्या आजूबाजूला शोधायचं, दुसरं खरं असेल तर ग्रॅनाइट नसलेल्या जागाही बघायच्या!

इथे आयसोटोप कामाला येतात. लिथियमचे दोन प्रकार, 6 आणि 7. हलका 6 शंभरात जेमतेम साडेसात. खडक झिजून माती होते तेव्हा हलका चिकणमातीत जास्त अडकतो, जड पाण्याबरोबर समुद्राकडे जातो. काकांच्या काळ्या मातीतही हेच होतं. म्हणजे असा गाळ वितळून पेग्मटाइट झाला, तर त्यात हलकेपणाची खूण सापडायला हवी. बग आला की आपण लॉग उघडतो ना, तसा हा दगडाचा लॉग.

अर्थात या लॉगवर नंतरही खाडाखोड होते. शेवटच्या टप्प्यात रसातून गरम पाणी वेगळं होताना प्रमाण पुन्हा बदलतं. त्यामुळे खडकाचं वय, बाकीची मूलद्रव्यं, सगळं जुळवूनच निकाल द्यावा लागतो.

माझं म्हणणं एवढंच, की आपण टनांचे आकडे आधी ऐकतो आणि 'कुठून, कशात?' हे विचारतच नाही. रियासीचं लिथियम पेग्मटाइटमध्ये नाही, बॉक्साइटच्या थरांत आहे. ते काढायची रीतच वेगळी. मार्च 2024 मध्ये तिथला लिलाव रद्द झाला, कारण पुरेसे बोली लावणारेच आले नाहीत. उद्या एखादा दलाल असाच आकडा घेऊन गावात आला, तर काकांच्या हातात विचारायला एक तरी प्रश्न हवा.

हे सगळं ऐकून काका म्हणाले, "म्हंजे कापूसच लावाचा नं?"

हो काका. कापूसच.